दुसरी खुर्ची

चारकोप, सेक्टर चार
१२ मे २०२४

प्रिय डोरोथी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. वीस वर्षं टपाल खात्यात शेजारी बसून आपण दुसऱ्यांची पत्रं खणांत टाकली, आता एकमेकींना चार ओळी लिहिल्या तर काय बिघडलं? खरं कारण वेगळं आहे. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू पहिलं विचारतेस, "नलू, आज जास्त दुखतंय का गं?" आणि तू विचारलंस की मला रडू येतं. रडायला मला सध्या वेळ नाही. मला सूड घ्यायचाय.

गेल्या वर्षी माघी गणपतीच्या डबलबारीला तू आली नव्हतीस, असं तूच म्हणालीस, म्हणून पहिल्यापासून लिहिते. डबलबारी म्हणजे भांडण, असं तू नेहमी म्हणतेस आणि ते फारसं चुकीचं नाही. समोरासमोर दोन भजनी मंडळं, दोन बुवा. आळीपाळीने गायचं आणि गाता गाता समोरच्या बुवाची पिसं काढायची. बाई असली तरी पेटीवर बसते ती बुवाच. पंधरा वर्षं आमच्या मंडळाची बुवा मी होते आणि रत्नप्रभा माझ्या उजव्या हाताला, कोरसमध्ये पहिली.

मग माझ्या मणक्यात हा संधिवात शिरला. मांडी घालून अर्धा तास बसले की कंबरेचं लाकूड होतं. रिपोर्टमध्ये त्याचं नाव सापडायला सहा वर्षं गेली, तोवर सगळ्यांच्या लेखी ती माझी नाटकं होती. मी मंडळाला म्हटलं, मला खुर्ची द्या, पेटी टेबलावर ठेवा. रत्नप्रभा सगळ्यांदेखत म्हणाली, "देवापेक्षा उंच बसून भजन? बसवत नसेल तर सोड." मी सोडलं. पेटी तिने घेतली. इथवरही मी गिळलं असतं.

पण माघी गणपतीला मी पहिल्या रांगेत ऐकायला बसले होते आणि ही बया शेवटच्या गजरात माझी नक्कल करत उठली. एक हात कंबरेवर, एक जमिनीवर, आणि गायली:

उठताना हाय गो, बसताना हाय,
देवाच्या नावाआधी हिच्या तोंडी 'आय'!

अख्खा हॉल हसला. मला तिथून उठून जायचं होतं आणि उठवेना. उठले असते तर तशीच उठले असते ना, कंबर धरून! म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिले.

घाटकोपरला मी ज्याच्याकडे व्यायामाला जाते तो मुकुल म्हणतो, "मॅडम, पॉझिटिव्ह राहा. एक वही करा. दिवसभरात चांगलं झालेलं रोज तीन ओळी लिहा." वही केली. तिच्यात त्या दिवशी कोण कोण हसलं त्यांची नावं लिहिली. सतरा झाली. सकाळी डोळे उघडले की अंग हलत नाही, मग मी ती नावं मनात म्हणते आणि नवव्या-दहाव्या नावाला पाय जमिनीवर टेकतात. मुकुलला वाटतं वहीचा गुण येतोय. येतोच आहे.

आता बातमी. नवरात्र मंडळाचा सर्वेश काल घरी आला होता. सहा ऑक्टोबरला, रविवारी दुपारी तीनला, त्याच हॉलमध्ये महिलांची डबलबारी. एका बाजूला रत्नप्रभा. दुसऱ्या बाजूला कोण, म्हणून विचारत होता. मी हो म्हटलं. चार पोरी जमवल्यात, पखवाजाला शेजारची अक्षता. बसायचंय अडीच तास. आज मी तीन अभंग बसू शकते. मिनिटं मोजली की जास्त दुखतं, म्हणून अभंग मोजते.

तुझी
नलिनी

•

कुर्ला गावठाण
२० मे २०२४

नलू,

पोस्टमनने पत्र दिलं तेव्हा मी बोंबील साफ करत होते. तशाच हातांनी वाचलं, त्यामुळे तुझ्या पत्राला आता वास आहे. झकास लिहितेस गं! वाचता वाचता मला इतका राग आला की बोंबलांचे तुकडे झाले.

सोडू नकोस तिला. माझी आई म्हणायची क्षमा कर, फादर म्हणतात क्षमा कर, मी म्हणते आधी तिची वाट लाव, मग क्षमा कर. क्षमा कुठे पळून जात नाही.

सतरा नावं? पहिलं तिचंच असणार, ते काय सांगायला पाहिजे? पण तू पहिल्या रांगेत होतीस, मागे कोण हसलं ते तुला दिसलं कसं? मागचे दिवे तर बंद होते. उगाच कुणावर आळ घेऊ नकोस, एवढंच.

खुर्चीचं माझ्यावर सोड. हॉलच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर धडधाकट माणसाची पाठ मोडते. आमच्या रोनाल्डने चर्चचे सगळे बाक केलेत आणि बहीण सांगते म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येत नाही. माप पाठव. गुडघ्यापासून जमीन, बूड किती रुंद (खरं लिही), सगळं.

आणि मला फोन करत नाहीस ते ठीक, पण दुखतं तेव्हा पत्रात तरी लिही. मी तुझं अक्षर वीस वर्षं बघतेय. शेवटच्या चार ओळी तू आडवी पडून लिहिल्यास.

डोरोथी

•

चारकोप
१६ जून २०२४

प्रिय डोरोथी,

पाच ओळी आडवी पडून लिहिल्या होत्या. तुझी नजर कमी झाली.

आणि वहीतलं पहिलं नाव रत्नप्रभेचं नाही. ती वहीत नाहीच. वही हसणाऱ्यांची आहे, ती तर गात होती.

मापं वेगळ्या कागदावर दिलीत. रोनाल्डला सांग, डाव्या बाजूला हात नको, माझा डावा हात पेटीचा भाता मारतो. बसायची फळी पुढे किंचित उतरती हवी. पाठीला आधार कंबरेच्या जरा वर. आणि पॉलिश करू नको म्हणावं. देवीसमोर मिरवायला नाही नेत, बसायला नेतेय.

सात अभंगांपर्यंत पोचले! पहाटे व्यायाम, मग गरम पाण्याची पिशवी, मग अर्धा तास चालणं, मग पेटी. दोन अभंग झाले की उठायचं, खोलीत फेरी मारायची, पुन्हा बसायचं. मुकुल म्हणतो दुखायला लागायच्या आधी उठायचं, दुखल्यावर नाही. हे शिकायला मला महिना लागला. माझी सवय तर दात दाबून बसायची.

आमच्याकडे मात्र खुर्चीवरून रोज वाजतं. हे म्हणतात, "खुर्चयेर बसान भजन? लोक काय म्हणतले गो?" मी म्हटलं, अहो लवू गावकर, लोकांनी म्हणायचं ते गेल्या वर्षीच म्हणून झालंय, तुम्ही तेव्हा हॉलमध्ये चहा वाटत होतात. माणूस वाईट नाही, पण लाजतो. मी कण्हले तर उठून पाणी गरम करतो आणि चारचौघांत मी लंगडले की दोन पावलं पुढे चालायला लागतो. त्याचंही नाव वहीत घालणार होते, पण तो हसला नव्हता.

नलिनी

•

कुर्ला
१९ जुलै २०२४

नलू,

आधी दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. खुर्ची टेम्पोतून पाठवून तीन आठवडे झाले, पोचली एवढंच लवूने कळवलं. फोन केला तर म्हणतो, "निजलीहा." दुपारी बारालाही निजलीहा, संध्याकाळी सहालाही निजलीहा. मी काय खुळी आहे?

नुसतं नाव लिहून पाठव. अक्षर बघून मला कळेल.

डोरोथी

•

चारकोप
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय डोरोथी,

मुद्दामच नाही लिहिलं. तुला अक्षर दिसलं असतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळं उठलं. कशाने, ते कुणालाच माहीत नाही. मी काही चुकीचं केलं नव्हतं, यानेच जास्त चिडले. वीस दिवस पलंगावर. कूस बदलायला यांना हाक मारायची आणि शिंक आली तर देवाचा धावा करायचा. सात अभंगांवरून थेट शून्य. एक दिवस सर्वेशला नकार कळवायला मी फोन हातात घेतलासुद्धा. मग वाटलं, रत्नप्रभेला हे कळेल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल? तो चेहरा डोळ्यांसमोर आला आणि फोन खाली ठेवला. लोक देवाचा चेहरा आठवून उठतात म्हणे. मला ही पुरते.

आता ऐक. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी दोन मेट्रो बदलून घाटकोपरला गेले. मुकुलकडे खाटांमध्ये हिरवे पडदे आहेत. मी पालथी पडले होते. शेजारच्या खाटेवर कुणाचे तरी पाय वर टांगले होते आणि मुकुल त्या माणसाला हळूहळू कंबर सैल करायला सांगत होता. पलीकडून आवाज आला, "आय गो!"

डोरोथी, पंधरा वर्षं तो आवाज माझ्या उजव्या कानात गायलाय.

पडदा फटीएवढा सरकवून बघितलं. ओढणीने डोकं बांधलेलं, तोंडावर मास्क. चारकोपमध्ये कुणी बघू नये म्हणून बाई घाटकोपरला येते. डाव्या पायात कंबरेपासून टाचेपर्यंत कळ, मांडी घातली की आग होते, हे सगळं ती मुकुलला कुजबुजून सांगत होती. "मंडळात कुणाला माहीत नाही हं," म्हणाली.

मला काय वाटलं विचारशील. आनंद झाला. खोटं कशाला लिहू? परतीच्या मेट्रोत उभी राहून आले आणि पाठ दुखली नाही. घरी येऊन तासाभरात ओळी जुळवल्या:

ओढणीआड चेहरा कुणाचा, ओळखा पाहू कोण?
घाटकोपरच्या खाटेवरती पाय टांगले दोन!

चालही तिचीच, त्या 'आय'वाल्या गजराची. शेवटच्या गजरात गाणार. पोरींना फक्त पहिली ओळ शिकवली आहे. दुसरी माझ्याजवळ.

खुर्ची अगदी मापात आहे. रोनाल्डला सांग, त्याचे हात सोन्याचे आहेत. परवा पाच अभंग झाले.

नलिनी

•

कुर्ला
३० ऑगस्ट २०२४

अगं नलू!!

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने. रोनाल्डची बायको निकोल भिंतीपलीकडून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, न्याय झाला.

गा. दोन्ही ओळी गा, चार-चार वेळा गा. तिने केलं तेच तिला परत मिळू दे. अख्खा हॉल तिला हसू दे, मागच्या भिंतीपर्यंत. मग बघू बाई कशी उठते. तुला ऐन वेळी दया येईल याची मला भीती आहे. येऊ देऊ नकोस. तू त्या हॉलमधून कशी निघालीस ते आठव, एक हात भिंतीला, एक हात लवूच्या खांद्याला, आणि बाहेर चप्पल सापडेना.

तिला सोडलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही यार. खरंच.

डोरोथी

•

चारकोप
१७ सप्टेंबर २०२४

प्रिय डोरोथी,

दया वगैरे काही येत नाही. तू निवांत राहा.

अकरा अभंग झाले. अक्षता म्हणते, "काकी, आता तुम्ही थांबत नाही, आम्ही दमतो." पण मला दमून चालणार नाही, कारण डबलबारीत आपली बारी संपली तरी उठायचं नसतं. समोरची गात असताना बुवा जागेवरून उठली की ती हरली असंच लोक धरतात. म्हणजे रत्नप्रभेलाही अडीच तास मांडी घालून बसावं लागणार. हे लिहिताना मला किती बरं वाटतंय ते तुला अक्षरावरून कळेलच.

एक काम आहे. रोनाल्डला सांगून तशीच आणखी एक खुर्ची करून दे. माप दिलंय. उंची दोन बोटं कमी. का, ते विचारू नकोस.

आणि सहा तारखेला तू यायचंस. पहिल्या रांगेत. मी सर्वेशला जागा धरून ठेवायला सांगितली आहे.

नलिनी

•

कुर्ला
२६ सप्टेंबर २०२४

नलू,

खुर्ची सोमवारी निघेल. पहिली मोडली तर हाताशी दुसरी असावी, म्हणून मागवलीस ना? शहाणी आहेस. रोनाल्डने विचारलं, दोन बोटं कमी का? मी म्हटलं, नलूला विचारायची सोय नाही.

पण मला यायला जमत नाही गं. त्याच रविवारी आमची आगेरा आहे. नवीन भाताची कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात तो सण, तुला मी मागे नेलं होतं. शेतं आता कुठे राहिलीत, कणसं उत्तनहून आणतो, पण मिरवणूक तर निघते. लुगडं नेसून मला पुढे चालावं लागतं, गावात माझ्याएवढ्या म्हाताऱ्या उरल्याच किती? नाही म्हणता येत नाही. समज ना.

तू गा. नंतर मला सगळं लिही. ती कशी दिसली, लोक कसे हसले, एकूण एक.

डोरोथी

•

चारकोप
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय डोरोथी,

काल दिवसभर पडून होते. आज उशी पाठीला लावून लिहिते आहे. अक्षर बघून घे, पण वाईट वाटून घेऊ नकोस. किंमत माहीत होती, ती देऊन आले आहे.

हॉल भरला होता. माझी खुर्ची स्टेजवर ठेवली तेव्हाच कुजबुज सुरू झाली. पहिली बारी तिची. गण झाला, अभंग झाला आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "आई जगदंबा समोर बसलेली आहे आणि आमच्या बुवा तिच्याहून उंच बसल्यात. कलियुग म्हणतात ते हेच!" टाळ्या पडल्या. आमचे हे खाली मान घालून बसले.

माझी बारी आली. मी म्हटलं, "बुवांचा प्रश्न बरोबर आहे. पण मला एक सांगा, आई बसलेली आहे आणि आरतीला आपण सगळे उभे राहतो. मग रोज दोन वेळा आपण सगळेच आईपेक्षा उंच होतो. त्याचं काय करायचं बुवा? आरती झोपून करायची?" डोरोथी, हॉल असा उसळला! मी तिथून जे गायला सुरुवात केली ते मला आठवतही नाही. बोटं आपली आपण चालत होती. पाठ होती, ठणकत होती, पण शेजारच्या घरात ठोकाठोक चालावी तशी.

तिची दुसरी बारी आली तेव्हा मला दिसायला लागलं. मांडी सारखी बदलत होती. डावा गुडघा हाताने उचलून ठेवत होती. सूर लांबवताना श्वास मध्येच तुटला. लोकांना वाटलं घसा बसला. मला माहीत होतं. मी बघत बसले आणि मला मजा येत होती.

मग शेवटचा गजर, माझा. चाल सुरू केली तशी तिने मान वर केली, कारण चाल तिची. मी पहिली ओळ म्हटली: ओढणीआड चेहरा कुणाचा, ओळखा पाहू कोण?

आमच्यात बुवाने हात केल्याशिवाय कोरस पुढे जात नाही, तीच ओळ फिरवत राहतो. मी हात केलाच नाही. पोरींनी ओळ एकदा घेतली, दोनदा, चारदा, सहादा. लोकांनी टाळ्यांनी ताल धरला. कोण? कोण? सगळ्यांना उत्तर हवं होतं. रत्नप्रभेला उत्तर माहीत होतं. तिचा चेहरा पांढरा झाला, पदर तोंडापाशी गेला. ज्या चेहऱ्यासाठी मी मे महिन्यापासून उठत होते तो चेहरा, सहा फुटांवर.

दुसरी ओळ जिभेवर होती. दया आली नाही, हे तुला शपथेवर सांगते. पण दुसरी ओळ गायली असती तर हॉल हसला असता. तेच लोक, तेच हसणं. त्या हसण्यानेच मला गेल्या वर्षी जागेवर खिळवलं होतं आणि आता मीच त्याला हाताने घास भरवणार होते. माझं भांडण तिच्याशी होतं. त्या लोकांना फुकटची मेजवानी कशाला देऊ?

मी पेटी थांबवली. माईकमध्ये म्हटलं, "अहो, ती दुसरी खुर्ची आणा."

हे उठले. चारचौघांत दोन पावलं पुढे चालणारा माणूस, खुर्ची डोक्यावर घेऊन अख्ख्या हॉलमधून आला आणि तिच्या मागे ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, "बुवा, ही तुमच्या मापाची आहे. पंधरा वर्षं शेजारी बसलात, माप मला पाठ आहे. देवीपेक्षा उंच व्हाल असं वाटत असेल तर नको म्हणा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, नको म्हणेल. मी असते तर म्हटलं असतं. मग तिने एक हात जमिनीवर टेकला, एक कंबरेवर ठेवला आणि उठताना तिच्या तोंडून निघालं, "आय गो!" माईक तिच्या समोरच होता.

कुणी हसलं नाही. डोरोथी, कुणीही नाही.

ती खुर्चीवर बसली. तिचा उत्तराचा गजर तिने तिथून गायला, आणि चांगली गायली मेली. त्याचा राग मला अजून आहे.

नलिनी

•

कुर्ला
१४ ऑक्टोबर २०२४

नलू,

पत्र वाचून मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. रोनाल्डला वाटलं मला ताप आला.

मला एक सांगायचं आहे आणि फोनवर जमणार नाही. आगेरा सकाळीच संपते. जेवून दुपारी दोनला मी घरी होते. तीनला मला येता आलं असतं.

मी त्या हॉलमध्ये पुन्हा पाय ठेवू शकत नव्हते. माघी गणपतीला मी आले होते, नलू. उशीर झाला होता, पुढे जागा नव्हती, मी दाराशी उभी होते. रत्नप्रभा ती नक्कल करत उठली आणि ती इतकी हुबेहूब होती की मला हसू फुटलं. कुणाची नक्कल ते कळायच्या आत मी हसून मोकळी झाले. मग तू दिसलीस. पहिल्या रांगेत, पाठमोरी. तू बाहेर येऊन चप्पल शोधत होतीस तेव्हा मी जिन्याच्या आड उभी होते. संध्याकाळी तुला फोन करून म्हटलं, यायला जमलं नाही.

तिची वाट लाव, हॉलला हसव, असं मी तुला पत्रांतून लिहीत होते. सगळे तिला हसले असते तर माझं हसणं त्यात बुडून गेलं असतं, असं काहीतरी मला वाटत असणार. तू गायली नाहीस. आता माझं एकटीचं उरलं.

तुझ्या वहीत अठरावं नाव माझं लिही. मग हवं तर पत्र लिहू नकोस.

डोरोथी

•

चारकोप
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय डोरोथी,

अठरावं लिहिता येत नाही. तुझं पहिलंच आहे.

तू कशी हसतेस ते तुला ऐकू येत नाही म्हणून तुला वाटतं ते कुणालाच ऐकू येत नाही. आधी फुसकन, मग शिंक आल्यासारखं, मग बंदच होत नाही. वीस वर्षं साहेब आपल्या टेबलाकडे डोळे वटारत यायचा तो त्याच हसण्यामुळे. मला मागे वळायची गरज नव्हती. रत्नप्रभेच्या ओळीने मला राग आला होता. दाराकडून ते हसणं आलं आणि मला उठवेना झालं.

तू आली नव्हतीस असं मी पहिल्या पत्रात मुद्दाम लिहिलं. म्हटलं, बघू पुन्हा खोटं बोलते का. तू उत्तरात लिहिलंस, मागचे दिवे बंद होते. तेवढं मला पुरलं. मग मी तुझा सूड घेत बसले. खुर्च्या दोन करून घेतल्या, पहिल्या रांगेत जागा धरली आणि तू कुठली थाप मारतेस याची वाट बघितली. सकाळी नावं म्हणताना तुझं पहिलं यायचं. कितीतरी दिवस मी तुझ्यावरच्या रागाने अंथरुणातून उठले आहे. आता मुकुललाच विचारते, हे कुठल्या व्यायामात बसतं?

पण तुझ्याच खुर्चीवर बसून मी अडीच तास काढले, हेही खरं आहे. दोन्हींची बेरीज मला जमत नाही आणि मी ती करणार नाही. नाव खोडलेलं नाही. वही मात्र भरली, आता नवीन आणणार नाही.

काल अक्षताच्या हाती रत्नप्रभेची चिठ्ठी आली. जशीच्या तशी उतरवते:

"नलिनी, खुर्ची परत पाठवणार नाही. तू दया केलेली नाहीस हे मला कळतं, मीही केली नसती. मेल्यावरही मला ते सहा फेरे ऐकू येतील. माघी गणपतीला मी सर्वेशकडे नाव दिलंय, तूही दे. तुझी ती दुसरी ओळ तेव्हाही गाऊ नकोस, कारण मी ती स्वतःच गाणार आहे. कुठल्या कुशीवर निजलं की झोप लागते, तेवढं मात्र कळव. – रत्नप्रभा"

अजून कळवलेलं नाही. आठवडाभर तळमळू दे, मग कळवीन.

सर्वेशकडे नाव दिलं. पंधरा अभंगांचं ठरवलं आहे, बघू किती होतात. तू पहिल्या रांगेत बसायचंस, आणि हसू आलं तर हसायचंस, पण माझ्याकडे तोंड करून.

पत्र आता पुरे. उद्या फोन कर. आज खूप दुखतंय, उद्याही दुखेल, आणि तुला ते ऐकू आलं तरी चालेल.

तुझी
नलू